अन्नपूर्णेहून उतरल्यानंतर : फेवातालाकाठच्या मुक्कामाविषयी

सह्याद्रीच्या कडेकपारींत ज्यांचे पाय घडले, त्यांच्या अंगी काटकसर ही केवळ सवय म्हणून नव्हे तर व्रत म्हणून मुरलेली असते. पाठीवरच्या पिशवीत मावेल तेवढाच संसार बरोबर घ्यावा, रात्री गडावरच्या देवळाच्या ओवरीत अथवा लेण्यात पथारी टाकावी, सकाळी टाक्याच्या पाण्याने तोंड धुऊन उतरणीला लागावे आणि संध्याकाळच्या एस. टी.ने घर गाठावे, असा या व्रताचा नेम आहे. हा नेम फार सुंदर आहे आणि त्याचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु हीच मंडळी जेव्हा नेपाळात जाऊन अन्नपूर्णेच्या तळछावणीपर्यंतची दीर्घ पायपीट करतात, आणि ४,१३० मीटर उंचीवरून खाली येऊन पोखरा शहरी दाखल झाल्यावर, जी पहिली स्वस्त खोली दिसेल तीत एक रात्र कशीबशी काढून दुसऱ्या दिवशी पहाटेच सोनौलीच्या सरहद्दीकडे निघणारी बस पकडतात, तेव्हा त्या नेमाचे रूपांतर हट्टात झालेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे : पर्वतावरून उतरल्यानंतर सरोवराकाठच्या एखाद्या उत्तम, प्रशस्त आणि प्रसंगी महागड्याही हॉटेलात दोन, आणि साधल्यास तीन, रात्री राहणे ही चैन नव्हे; तो मोहिमेचाच अखेरचा टप्पा आहे, आणि ज्या काळजीने आपण बुटांची निवड करतो, रोजच्या चालीचा तपशील ठरवतो व औषधांची पेटी भरतो, त्याच काळजीने या टप्प्याची तजवीज केली पाहिजे. उदाहरणासाठी पोखरा आणि तेथील फेवाताल ही जागा घेतली आहे, कारण महाराष्ट्रातून हिमालयात पदभ्रमणासाठी जाणाऱ्यांपैकी पुष्कळांची पावले तिकडे वळतात. शिवाय आठ हजार मीटरांहून उंच शिखर आणि जेमतेम आठशे मीटर उंचीवरचे उबदार, हिरव्या काठाचे सरोवर ही एकमेकांच्या इतक्या निकट नांदत असल्याचे दृश्य पृथ्वीच्या पाठीवर फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

प्रथम शरीराची बाजू पाहू, कारण बाकीच्या सर्व सूचना तिच्यावरच आधारलेल्या आहेत. चढण माणसाला दमवते. इजा करते ती उतरण. तळछावणीहून निघालेला प्रवासी देउराली, हिमालय, दोभान, बांबू ही ठाणी मागे टाकीत मोदी नदीच्या खोऱ्यातून खाली येतो, मध्येच छोमरोंग गावाच्या त्या सुप्रसिद्ध दगडी पायऱ्या त्याला पुन्हा वर चढावयास लावतात, आणि त्यानंतर झिनूपर्यंतचा तीव्र उतार गुडघ्यांची उरलीसुरली ताकदही वसूल करून घेतो. बहुतेक मंडळी ही मजल दोन दिवसांत मारतात. तळछावणी ४,१३० मीटरांवर आणि झिनू सुमारे १,७८० मीटरांवर, म्हणजे दोन दिवसांत २,३०० मीटरांहून अधिक उतार. आमच्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सबंध उंची १,६४६ मीटर आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे या उतरणीचा आवाका नीट उमगतो.

या उतरणीत मांडीच्या पुढील बाजूचे स्नायू एक विपरीत स्वरूपाचे काम करीत असतात. चढताना ते आखडून शरीर वर उचलतात. उतरताना मात्र शरीराचा भार आवरून धरीत असतानाच ते ताणले जातात, आणि या ओढाताणीत त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. या इजेचे वैशिष्ट्य असे की तिची वेदना त्या दिवशी फारशी जाणवत नाही. ती दुसऱ्या दिवशी डोके वर काढते आणि साधारणतः चोवीस ते बहात्तर तासांच्या दरम्यान पराकाष्ठेस पोहोचते. झिनूहून मोटारीने पोखऱ्यात आलेला प्रवासी त्या संध्याकाळी ताठ चालतो आणि आपल्याला काहीच झालेले नाही असे समजतो, याचे कारण हेच. आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये गुडघे मुडपून बसला, म्हणजे सिद्धार्थ राजमार्गाच्या एकशे ऐंशी किलोमीटरांच्या वळणावळणांत, आणि पुढे गोरखपूरहून मुंबईकडे येणाऱ्या आगगाडीत, त्याची खरी यातना सुरू होते. एका रात्रीचा मुक्काम निरुपयोगी ठरतो तो या हिशेबाने. दुखणे शिगेला पोहोचते ते दोन दिवस ज्या छपराखाली जातील, तेथे पलंग चांगला असावा, ऊन पाणी मुबलक असावे, जिने नसावेत आणि कोणी घाई करू नये. विसाव्याच्या या चार अटी ज्याला पटल्या, त्याला हॉटेलावरील खर्च उधळपट्टी वाटणार नाही.

झोपेचीही थकबाकी असतेच. तळछावणीच्या उंचीवर हवेतील प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन-पंचमांश एवढाच असतो. तेथे झोपेत श्वास अनियमित होतो, माणूस दचकून जागा होतो, आणि चार-सहा रात्री अशा तुटक झोपेत गेल्यावर आलेला थकवा त्याला उत्साहाच्या भरात कळत नाही. खाली आल्यावर लागणारी गाढ झोप हे त्या थकबाकीचे फेडणे आहे. तीत व्यत्यय येईल असा कोणताही कार्यक्रम पहिल्या सकाळी ठरवू नये.

आणि उतरणीला कमी लेखू नये, याची ग्वाही अन्नपूर्णेचा इतिहासच देतो. ३ जून १९५० रोजी मॉरिस एर्झोग आणि लुई लाशनाल या दोघा फ्रेंच गिर्यारोहकांनी अन्नपूर्णेचे ८,०९१ मीटर उंचीचे मुख्य शिखर गाठले. आठ हजार मीटरांहून उंच असलेल्या शिखरांपैकी मनुष्याचे पाऊल प्रथम लागले ते याच शिखरास. परंतु हिमदंशाने दोघांना पायांची बोटे, आणि एर्झोग यांना हातांचीही बोटे गमवावी लागली, ती उतरतानाच्या आणि परतीच्या यातनांमुळे. १९७० मध्ये ख्रिस बॉनिंग्टन यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश मोहिमेने दक्षिणेचा भयंकर कडा सर केला, डॉन व्हिलन्स आणि डूगल हॅस्टन शिखरावर पोहोचले. आणि यश पदरात पडल्यानंतर, मंडळी उतरत असताना, इयन क्लफ हा त्यांचा सहकारी कोसळलेल्या बर्फाखाली मरण पावला. आपली सामान्य प्रवाशांची पायपीट या पराक्रमांच्या पासंगालाही पुरत नाही. तथापि शिखर अथवा तळछावणी गाठली म्हणजे काम संपले ही समजूत त्यांनाही भोवली आणि आपल्यालाही भोवते.

आता तजविजीकडे वळू. हॉटेलची जागा मोहीम निघण्यापूर्वीच राखून ठेवावी, आणि राखताना दोन गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, तारीख पुढेमागे सरकविण्याची मुभा. तळछावणीच्या वाटेवरील हिंकू ते देउराली या पट्ट्यात वसंत ऋतूत हिमप्रपातांमुळे वाट अडते, पावसाळ्याच्या शेवटी दरडी कोसळतात, आणि एखाद्या सहप्रवाशाला उंचीची बाधा झाल्यास सगळ्यांनाच एक दिवस थांबावे लागते. अशा वेळी ठरल्या दिवशी हॉटेल गाठता आले नाही म्हणून बयाणा बुडतो, आणि तो वाचविण्याच्या नादात लोक दोन मजला एका दिवसात मारू पाहतात. हा मोह फार घातक आहे. म्हणून थोडा अधिक दर पडला तरी चालेल, परंतु एक-दोन दिवसांची सवलत लेखी कबूल करून घ्यावी. दुसरी गोष्ट ऋतूची. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा या प्रदेशाचा सर्वोत्तम काळ, आणि आमची दिवाळीची सुट्टीही तेव्हाच येते. परंतु नेपाळातील दशैं आणि तिहार हे दोन मोठे सण त्याच सुमारास येतात, काठमांडूची कुटुंबेच्या कुटुंबे पोखऱ्यात सुट्टीसाठी उतरतात, आणि आयत्या वेळी चांगली खोली मिळणे दुरापास्त होते. श्रावण लागण्यापूर्वीच पत्रव्यवहार पुरा करावा.

हॉटेलच्या निवडीत सर्वांत अधिक घोटाळा होतो तो दिशांचा, म्हणून येथे थोडे सविस्तर सांगतो. पोखऱ्यातील बहुसंख्य हॉटेले सरोवराच्या पूर्व काठावर, बैदाम या भागात आहेत. त्यांच्यासमोर पश्चिमेस पाणी पसरलेले असते. हिमशिखरे मात्र उत्तरेस आहेत. म्हणजे ज्या खिडकीतून सरोवर दिसते तिच्यातून बहुधा पर्वत दिसत नाही, आणि जिच्यातून पर्वत दिसतो तिच्यापुढे पाण्याऐवजी शेजारच्या इमारतीची गच्ची येण्याचा संभव असतो. त्यातून सरोवराच्या उत्तरेस सारंगकोटची डोंगररांग आडवी पडली आहे. तिच्या पायथ्याशी जितके जवळ राहावे तितकी शिखरे तिच्याआड दडतात, आणि जितके दक्षिणेकडे सरकावे तितकी ती रांगेवरून डोके वर काढू लागतात. माच्छापुछ्रे हे शिखर आणि अन्नपूर्णेची रांग सरोवराच्या पाण्यात प्रतिबिंबित झाल्याची जी चित्रे आपण पाहतो, ती दक्षिणेकडील काठावरून घेतलेली असतात. त्या बाजूस, धरणाजवळ, फिश टेल लॉज हे जुने नामांकित हॉटेल आहे. दोराने ओढल्या जाणाऱ्या तराफ्यावरून पाण्याचा चिंचोळा पट्टा ओलांडून तेथे जावे लागते, आणि वर्तुळाकार घरांच्या त्या आवारात शहराचा गोंगाट पोहोचत नाही. तेथेच राहावे असा आग्रह नाही. परंतु हॉटेल कोणतेही असो, राखीव खोलीची खिडकी कोणत्या दिशेस उघडते आणि तिच्यातून नेमके काय दिसते, हे स्पष्ट विचारून लेखी उत्तर घ्यावे. ‘सरोवराचे दृश्य’ एवढ्या मोघम शब्दांवर विसंबू नये.

खोली कितव्या मजल्यावर आहे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. थकलेल्या गुडघ्यांना तिसऱ्या मजल्याचा जिना म्हणजे छोमरोंगच्या पायऱ्यांची पुनरावृत्ती होय. तळमजला मागावा, नाहीतर उद्वाहक चालू असल्याची खात्री करून घ्यावी. टेकडीच्या उतारावर पसरलेल्या काही आलिशान विश्रामस्थळांत स्वागतकक्षापासून खोलीपर्यंतच पन्नास-साठ पायऱ्या असतात, हे छायाचित्रांत कळत नाही. बैदामच्या मुख्य रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत गाण्यांचे ध्वनिवर्धक चालतात, म्हणून रस्त्याकडील खोली टाळावी. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, भव्य दिवाणखाना या गोष्टींचा या मुक्कामापुरता काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. स्वच्छ न्हाणीघर, अखंड ऊन पाणी, बसता येईल असा सज्जा, खोलीत जेवण आणून देण्याची सोय आणि कपडे धुऊन मिळण्याची व्यवस्था, एवढ्यासाठी अवश्य मोजावेत.

ज्यांना संपूर्ण निवांतपणा हवा असेल त्यांनी फेवाताल सोडून शहराच्या पूर्वेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर असलेल्या बेगनास सरोवराचा विचार करावा. तेथे वस्ती विरळ, दुकाने थोडी आणि काठावरची झाडी दाट आहे. पोखरा खोऱ्यातील या सरोवरसमूहास २०१६ मध्ये रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. फेवातालाची स्थिती मात्र चिंता वाटावी अशी आहे : हर्पन नदी दरवर्षी गाळ आणून टाकते, पाण्यावर जलपर्णी माजते, आणि काठावर बांधकामांनी आक्रमण केलेले आहे. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सरोवराच्या काठापासून ६५ मीटरांच्या आत असलेली बांधकामे हटविण्याचा आदेश दिला. अगदी पाण्याला लागून खोली मिळावी अशी आपली सर्वांची हौस असते. परंतु या आदेशाचे भान ठेवून, काठापासून पुरेसे अंतर राखलेल्या आणि आपले सांडपाणी शुद्ध करणाऱ्या हॉटेलाला प्राधान्य देणे, हे त्या पाण्याकाठी विसावणाऱ्या पाहुण्याचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

डोंगराकडे निघतानाच त्या हॉटेलात एक छोटी बॅग ठेवून जावी. पोखऱ्यातील बहुतेक हॉटेले परतणाऱ्या पाहुण्यांचे सामान सांभाळून ठेवतात. तीत सैल सुती कपड्यांचे दोन जोड, मऊ चपला, नखे काढण्याचे साधन, फोडांसाठी पट्ट्या, जलसंजीवनीची पाकिटे, आणि परतीच्या प्रवासाची कागदपत्रे असावीत. विमानाने येणाऱ्या भारतीयांना पारपत्र अथवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते, तेव्हा त्यांपैकी जे असेल ते मात्र जवळच बाळगावे. उतरून आल्यावर घामाने कडक झालेल्या कपड्यांत, चिखलाच्या बुटांनी एखाद्या उंची हॉटेलात पाऊल ठेवताना आपल्या मंडळींना उगाच ओशाळल्यासारखे होते. तसे वाटण्याचे काही कारण नाही, कारण पोखऱ्यातील हॉटेलांना असे पाहुणे रोजचेच आहेत. बूट दाराशी काढून द्यावेत आणि ते साफ करून मिळतील काय, असे सरळ विचारावे.

पहिल्या संध्याकाळचा क्रम माझ्या मते असा असावा. सर्वांत आधी पाणी; घाईने नव्हे, तर घोटाघोटाने, जलसंजीवनी घालून, लघवीचा रंग फिकट होईपर्यंत. त्यानंतर पायांची तपासणी : फोड फुटले आहेत काय, अंगठ्याचे नख काळे पडले आहे काय, बोटांच्या टोकांत बधिरपणा आहे काय, हे उजेडात नीट पाहावे. न फुटलेला फोड फोडू नये. फुटलेला असेल तर साबणाने स्वच्छ धुऊन पट्टी बांधावी आणि पाय फार वेळ पाण्यात बुडवून ठेवू नये. मग स्नान. झिनूच्या उष्ण झऱ्यांत वाटेवरच डुंबून आलेल्यांनीही येथे पुन्हा स्नान करावे, कारण सार्वजनिक कुंडातील पाणी उघड्या जखमांना हितकारक नसते. पाणी कोमट असावे, कढत नसावे. पाण्याची तूट असलेल्या शरीराला कढत पाण्यात अर्धा तास पडून राहिल्यावर एकदम उठताना घेरी येते, आणि मोहिमेत न झालेली मोडतोड न्हाणीघरात होते. म्हणून उठताना आधी बसावे, मग कठडा धरून उभे राहावे.

भुकेविषयी सावध राहावे. उंचीवर मंदावलेली भूक खाली येताच एकदम प्रज्वलित होते, आणि हॉटेलच्या भोजनगृहातील मांडलेले पदार्थ पाहून संयम सुटतो. पहिल्या रात्री साधा डाळ-भात, वर तूप, थोडी रायोची भाजी आणि दही, एवढेच घ्यावे; थकाली पद्धतीच्या थाळीत हे सारे असतेच, आणि फापराचा ढिंडो किंवा तळ्यातला मासा दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवावा. मद्य पहिल्या रात्री पूर्णतः वर्ज्य मानावे, कारण ते शरीरातील पाणी आणखी कमी करते आणि झोपही बिघडवते. वेदनाशामक गोळ्यांच्या बाबतीतही एक इशारा देणे आवश्यक आहे : आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे पाण्याची तूट असताना मूत्रपिंडांना अपायकारक ठरू शकतात, म्हणून पुरेसे पाणी पोटात जाऊन लघवी मोकळी होईपर्यंत ती घेऊ नयेत.

दुसरा दिवस हा या मुक्कामाचा गाभा होय, आणि तो जवळजवळ रिकामा ठेवावा. सज्जात बसावे, वाचावे, झोप आली तर झोपावे. दुखणाऱ्या स्नायूंना पूर्ण निश्चलता मानवत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ सरोवराच्या काठच्या सपाट वाटेने खपौदीच्या दिशेने सावकाश थोडे चालून यावे. नावेतून ताल बाराहीच्या बेटावर जाण्यास हरकत नाही. तेथील दुमजली मंदिरात शनिवारी, म्हणजे नेपाळच्या सुट्टीच्या दिवशी, फार गर्दी होते, तेव्हा अन्य वार निवडावा आणि नावेत जीवरक्षक जाकीट घातल्यावाचून बसू नये. पलीकडच्या टेकडीवरील विश्वशांती स्तूप पाहण्याजोगा आहे, परंतु तेथवरची चढण या दिवशी पायी करू नये. सारंगकोटला जावयाचे असल्यास तेथे आता रज्जुमार्ग झाला आहे. मालिश करवून घ्यावी ती हलक्या हाताची. आधीच इजा झालेल्या स्नायूंना जोर लावून रगडल्याने दुखणे वाढते. पोखऱ्यात ‘सीइंग हँड्स’ या संस्थेत प्रशिक्षित दृष्टिहीन व्यक्ती मालिश करतात. हॉटेलच्या दिमाखदार मर्दनकक्षापेक्षा तेथे जाणे मला अधिक पसंत आहे.

तिसऱ्या दिवशीची पहाट मात्र झोपेत घालवू नये. ऊन चढू लागले की शिखरांवर ढग जमतात, आणि दुपारपर्यंत पर्वत पुष्कळदा दिसेनासा होतो. म्हणून सूर्योदयापूर्वीच गरम शाल पांघरून काठावर येऊन बसावे. समोर सुमारे पंचवीस किलोमीटरांवर माच्छापुछ्रे उभा असतो, ६,९९३ मीटर उंचीचा, एकाकी, टोकदार. तळछावणीतून आपण पूर्वेस ज्याची दोन शेंड्यांची माशाच्या शेपटीसारखी आकृती पाहिली, तोच हा पर्वत. येथून त्याचा एकच सुळका दिसतो, कारण दुसरा त्याच्या मागे दडतो. १९५७ मध्ये जिमी रॉबर्ट्स यांच्या मोहिमेतील विल्फ्रिड नॉइस आणि डेव्हिड कॉक्स हे माथ्यापासून सुमारे ४५ मीटर खाली थांबले आणि तेथूनच परतले. त्यानंतर या पर्वतावर चढाईस परवानगी देण्यात आलेली नाही, कारण स्थानिक लोक त्याला पवित्र मानतात. ज्याच्या पायथ्याशी रात्र काढताना थंडीने आणि धापेने आपले सारे लक्ष वेधून घेतले होते, तो पर्वत येथून स्वस्थ चित्ताने, पोटात अन्न आणि पायांत बळ असताना, अखंड पाहावयास मिळतो. डोंगरात असताना आपण डोंगर फारसा पाहत नाही. वाट, पाऊल आणि श्वास हेच पाहत असतो. या एका पहाटेसाठीसुद्धा दोन रात्रींचा खर्च मला रास्त वाटतो.

काही लक्षणांच्या बाबतीत विश्रांतीवर विसंबून राहू नये. खाली उतरूनही डोकेदुखी थांबत नसेल, चालताना तोल जात असेल, बोलण्यात असंबद्धता येत असेल, खोकल्याबरोबर धाप लागत असेल, एकच पोटरी सुजून दुखत असेल, लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला असेल, किंवा बधिर बोटे पांढरी वा काळसर दिसत असतील, तर हॉटेलच्या व्यवस्थापकास सांगून तत्काळ डॉक्टर बोलवावा अथवा रुग्णालय गाठावे. बधिर बोटे चोळू नयेत आणि शेकोटीवर धरू नयेत. पोखऱ्यात मोठी रुग्णालये आहेत, हे या शहरी मुक्काम करण्याचे आणखी एक सबळ कारण होय.

खर्चाच्या बाबतीत एवढे सांगणे पुरे की १९९३ पासून भारतीय १०० रुपयांस नेपाळी १६० रुपये हा विनिमयाचा दर कायम आहे. बडी हॉटेले परदेशी पाहुण्यांना डॉलरांत दर सांगतात, तेव्हा भारतीयांसाठी वेगळा दर आहे काय हे विचारावे, आणि सांगितलेल्या दरात १३ टक्के मूल्यवर्धित कर धरला आहे की तो वेगळा आकारला जाईल, याचाही खुलासा करून घ्यावा.

आणि एक हिशेब हॉटेलात पाऊल ठेवण्यापूर्वी, मोटारीतून उतरताच, पुरा करावा. ज्या पोर्टरने आपले ओझे त्या सर्व पायऱ्यांवरून वाहिले आणि ज्या वाटाड्याने आपल्याला सुखरूप खाली आणले, त्यांची मजुरी आणि बक्षिसी वेगवेगळ्या पाकिटांत घालून, प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात द्यावी. मध्यस्थामार्फत देऊ नये, आणि हॉटेलचे भाडे भागल्यावर जे उरेल त्यातून देण्याचा विचारही मनात आणू नये. आपल्या खोलीच्या एका रात्रीच्या दरात त्यांची कित्येक दिवसांची मजुरी सामावलेली असते. त्यांचेही गुडघे तीच उतरण उतरून आलेले असतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांना दुसऱ्याच दिवशी नव्या प्रवाशांचे ओझे उचलून वर जावयाचे असते. म्हणून मोहिमेचा अंदाजखर्च मांडताना पहिली रक्कम त्यांच्या नावे बाजूला काढून ठेवा, आणि हॉटेलची निवड उरलेल्या पैशांतून करा.